जबलपूरचे रेल्वे स्थानक : दोन लोहमार्गांच्या संगमाची कथा

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी ग्रंथात मंडळाच्या संस्थापकांचे, इमारतीचे, गणेशोत्सवाचे आणि ग्रंथालयाचे वृत्तांत येणे क्रमप्राप्तच आहे. परंतु या नगरीत मराठी माणूस आला कसा, टिकला कसा आणि त्याचा आपल्या मूळ प्रदेशाशी असलेला धागा तुटला कसा नाही, याचा विचार करू लागले की मंडळाच्या वास्तूपूर्वी दुसऱ्याच एका वास्तूचे स्मरण होते. ती वास्तू म्हणजे जबलपूरचे रेल्वे स्थानक. मंडळाचे वय पन्नास वर्षांचे; स्थानकाचे दीडशे वर्षांहून अधिक. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाडवडिलांनी या शहराच्या मातीवर पहिले पाऊल ठेवले ते याच स्थानकाच्या फलाटावर. तेव्हा त्याचा थोडा सविस्तर परिचय करून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

रेल्वे येण्यापूर्वीही मराठ्यांना हा मुलूख अपरिचित नव्हता. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढामंडल्याचे राज्य घेतले आणि १७९८ मध्ये हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांकडे आला. १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईनंतर तो इंग्रजांच्या हाती गेला. भोसल्यांचा अंमल इथे जेमतेम वीस वर्षे टिकला, पण त्या काळात नागपूर आणि जबलपूर यांचा जो संबंध जडला तो पुढे राजवटी बदलल्या तरी सुटला नाही. मिर्झापुराहून रेवा, जबलपूर, शिवनी या मार्गाने नागपुरास जाणारा दक्षिणेचा मोठा रस्ता हाच तेव्हाचा राजमार्ग. वऱ्हाड-नागपूरकडील कापूस बैलांच्या पाठीवर आणि गाड्यांतून याच वाटेने मिर्झापूरच्या गंगेकाठच्या बाजारात जात असे. याच वाटांवर ठगांचा सुळसुळाट होता आणि त्यांच्या बंदोबस्ताचे मुख्य ठाणे कर्नल स्लीमन यांनी जबलपुरात उभारले होते, हे सर्वश्रुतच आहे.

काशीयात्रेला निघालेल्या मराठी माणसाची त्या काळची स्थिती काय होती, याची कल्पना विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथावरून येते. वरसईहून १८५७ मध्ये निघालेला हा भिक्षुक तीन वर्षांनी घरी परतला. बंडाच्या धामधुमीमुळे त्यांचे हाल अधिक झाले हे खरे. पण धामधूम नसती तरीही पायी काशी करून येणे हे महिन्यांचे काम होते, आणि घरच्यांचा निरोप घेताना तो शेवटचा ठरेल अशी मनाची तयारी ठेवावी लागे. त्यानंतर तेरा वर्षांच्या आत मुंबईचा मनुष्य बोरीबंदरास गाडीत बसून थेट प्रयागास उतरू लागला. एवढे स्थित्यंतर एका पिढीच्या डोळ्यांदेखत झाले, आणि त्याचा सांधा जुळला तो आपल्या जबलपुरात.

हा सांधा कसा जुळला ते पाहण्यासारखे आहे. पश्चिमेकडून ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे आणि पूर्वेकडून ईस्ट इंडियन रेल्वे, अशा दोन विलायती कंपन्या परस्परांच्या दिशेने रूळ टाकीत निघाल्या होत्या. मुंबई-ठाणे मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. हावडा-हुगळी मार्ग १५ ऑगस्ट १८५४ रोजी. पश्चिमेच्या कंपनीपुढे सह्याद्री उभा होता. थळ घाटाचा चढ जिंकून गाडी इगतपुरीस पोहोचली ती १८६५ च्या आरंभी. पूर्वेच्या कंपनीपुढे नद्या होत्या. नैनीजवळचा यमुनेवरील पूल ऑगस्ट १८६५ मध्ये वाहतुकीस खुला झाला आणि तिथून दक्षिणेकडे सतना, कटनी असा मार्ग आखीत ईस्ट इंडियन रेल्वे १८६७ साली जबलपुरात आली. म्हणजे जबलपूरला प्रथम गाडी दिसली ती कलकत्त्याकडून आलेली, मुंबईकडून नव्हे. मराठी मंडळींच्या घरगुती समजुतीत मुंबईची रेल्वे ही इथली मूळची आणि बाकीच्या नंतरच्या, असे असते. इतिहास मात्र नेमका उलट आहे.

१८६७ ते १८७० ही तीन वर्षे जबलपूरच्या इतिहासात मोठी चमत्कारिक होती. याच १८६७ च्या फेब्रुवारीत मुंबईची रेल्वे भुसावळवरून नागपुरास पोहोचली होती. भुसावळहून खांडवा, इटारसी, नरसिंगपूर असा जबलपूरकडे यावयाचा मार्ग अजून पुरा व्हावयाचा होता. त्यामुळे हिंदुस्थानच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांमधील अंतर लोखंडी रुळांनी जवळजवळ भरून निघाले, राहिली ती फक्त नागपूर-जबलपूर ही एक फट. ही फट भरून काढली ती जुन्या दक्षिणी रस्त्याने. टपालाचे थैले आणि घाईचे प्रवासी नागपुरास रेल्वेतून उतरत, डाकगाडीने शिवनीवरून जबलपुरास येत आणि इथे कलकत्त्याच्या गाडीत बसत. भोसल्यांच्या स्वारांची जी वाट तीच काही काळ साऱ्या साम्राज्याच्या टपालाची वाट झाली. ज्या दोन शहरांना जोडून देशाचे दळणवळण तीन वर्षे चालले, त्याच दोन शहरांमध्ये सरळ मोठा लोहमार्ग मात्र पुढे दीडशे वर्षे झाला नाही. या विसंगतीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

७ मार्च १८७० रोजी इटारसीकडून आलेले रूळ जबलपुरात ईस्ट इंडियन रेल्वेच्या रुळांस मिळाले आणि मुंबई-कलकत्ता हा अखंड लोहमार्ग सिद्ध झाला. या प्रसंगी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः जबलपुरास आले होते. राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव ड्यूक ऑफ एडिंबरो हेही हिंदुस्थानच्या दौऱ्यावर असल्याने समारंभास उपस्थित होते. सुएझचा कालवा त्यापूर्वी चारच महिने, नोव्हेंबर १८६९ मध्ये खुला झाला होता. म्हणजे विलायतेहून निघालेले पत्र सुएझमार्गे मुंबईच्या बंदरात उतरावे आणि तिथून रुळांवरून जबलपूरमार्गे कलकत्त्याच्या राजभवनात पोहोचावे, अशी व्यवस्था एकाच हिवाळ्यात जुळून आली. मुंबईच्या ठाणे प्रवासाची १६ एप्रिल ही तारीख शाळकरी मुलांनाही पाठ असते. परंतु देशाची दोन टोके ज्या दिवशी एकत्र आली तो जबलपूरचा दिवस फारसा कोणाच्या स्मरणात नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते महत्त्वाच्या दृष्टीने त्याचा मान ठाण्याच्या तारखेहून कमी नसावा.

लॉर्ड मेयो यांचा पुढे दोन वर्षांच्या आतच अंदमानात खून झाला. गंमत अशी की रुंद रुळांच्या या महामार्गाचे उद्घाटन करणाऱ्या याच मेयोसाहेबांच्या सरकारने त्याच सुमारास काटकसरीसाठी नव्या सरकारी मार्गांवर मीटर गेज वापरण्याचे धोरण स्वीकारले, आणि त्याचे परिणाम देशाने पुढे शंभराहून अधिक वर्षे भोगले. जबलपूरचे सुदैव एवढेच की दोन्ही कंपन्यांचे रूळ साडेपाच फुटी असल्यामुळे डबे सरळ पलीकडे जाऊ शकले.

या घटनेचा पडसाद सातासमुद्रांपलीकडेही उमटला. फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न यांची 'ऐंशी दिवसांत जगाची प्रदक्षिणा' ही कादंबरी १८७२ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्या नायकाचा सारा हिशेब मुंबई-कलकत्ता रेल्वे पूर्ण झाल्याच्या वार्तेवर आधारलेला आहे. कादंबरीत मात्र अलाहाबादेच्या अलीकडे पन्नास मैलांचा मार्ग अपुरा दाखविला आहे आणि नायकाला तेवढ्या मजलेसाठी हत्ती विकत घ्यावा लागतो. कथेतील प्रवास १८७२ च्या ऑक्टोबरातला. त्या वेळी खरा मार्ग पूर्ण होऊन अडीच वर्षे लोटली होती. पण मग हत्ती आला नसता, आणि हत्तीवाचून कादंबरीतील हिंदुस्थान कोणाला पटला असता?

मुंबईहून जबलपूर सहाशे मैलांहून थोडे अधिक, म्हणजे आजच्या मापाने हजार किलोमीटरच्या आतबाहेर. या मार्गावर जबलपूरच्या अलीकडे भिटौनी आणि विक्रमपूर यांच्या दरम्यान गाडी नर्मदा ओलांडते. पुलावर गाडी आली की डब्यातल्या बायका हात जोडीत आणि खिडकीतून पैसा टाकीत, ही रीत वाफेच्या इंजिनापासून विजेच्या इंजिनापर्यंत अबाधित आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या मराठी यात्रेकरूला आपण मैया ओलांडली, आता उत्तर हिंदुस्थान लागला, ही जाणीव इथे होते.

जबलपूरच्या स्थानकात एका कंपनीची हद्द संपे आणि दुसरीची सुरू होई. इंजिन बदले, गार्ड बदले, हिशेबाच्या वह्या बदलत. मुंबईचे सूर्यमान आणि कलकत्त्याचे सूर्यमान यांत एका तासाहून अधिक फरक. मग गाडी कोणत्या वेळेने चालवावयाची? रेल्वेने यावर तोडगा म्हणून देशभर मद्रासची वेळ धरली. आता नकाशा उघडून पाहावा: मद्रास आणि जबलपूर ही दोन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच रेखावृत्तावर, ऐंशी अंश पूर्वेच्या आसपास आहेत. त्यामुळे मुंबईकराला स्टेशनचे घड्याळ गावाच्या घड्याळापुढे अर्धा तास दिसे, कलकत्तेकराला ते अर्धा तास मागे दिसे. जबलपूरकराचे मात्र घरचे ऊन आणि स्टेशनचे घड्याळ यांत जेमतेम मिनिटाचे अंतर होते. सारा देश रेल्वेच्या वेळेशी कुरकुरत जुळवून घेत असताना आपल्या गावाला ती तक्रार करण्याचे कारणच नव्हते. १९०६ पासून आजची भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली आणि जबलपूरचा सूर्य घड्याळाच्या दहा मिनिटे मागे पडला.

१८७० पासून पुढची तीस वर्षे हा या स्थानकाचा सुवर्णकाळ मानावयास हरकत नाही. मुंबई-कलकत्ता टपाल, लाटसाहेबांचे दौरे, फौजांची ने-आण, नर्मदाखोऱ्यातील गव्हाची मुंबई बंदराकडे होणारी निर्यात, सारे इथूनच. १८९६ मध्ये मार्क ट्वेन हा अमेरिकन लेखक मुंबईहून अलाहाबादेस याच मार्गाने गेला आणि त्याने आपल्या प्रवासवर्णनात स्लीमन आणि ठग यांच्यावर पानेच्या पाने लिहिली. त्याच वर्षी मोहनदास गांधी नावाचे तरुण बॅरिस्टर आफ्रिकेहून परतून कलकत्त्याहून मुंबईच्या गाडीने निघाले होते. अलाहाबादेस गाडी थांबली असता औषध आणावयास गावात गेले आणि परत येईतो गाडी सुटून गेली. ती गाडी त्यांच्यावाचूनच जबलपुराकडे आली असणार.

या वैभवाला ओहोटी लावली ती, योगायोगाने, नागपूरने. बंगाल नागपूर रेल्वेचा नागपूर-आसनसोल मार्ग १८९१ मध्ये पुरा झाला आणि १९०० मध्ये तो थेट हावड्यास जोडला गेला. मुंबई-कलकत्ता हे अंतर नागपूरमार्गे सुमारे दोनशे किलोमीटरने कमी भरले. जबलपूरची मक्तेदारी संपली. तरी जुन्या मार्गाची प्रतिष्ठा एकाएकी गेली नाही. विलायती टपालाची आलिशान इंपीरियल इंडियन मेल पुढेही जबलपूरवरूनच धावत असे, आणि अलाहाबादमार्गे जाणारी कलकत्ता मेल आजही धावते. मराठी माणसाच्या दृष्टीने तर या मार्गाचे माहात्म्य कलकत्त्यासाठी कधी नव्हतेच. त्याला प्रयाग आणि काशी गाठावयाची होती.

त्या यात्रेकरूंचे चित्र जुन्या मंडळींच्या बोलण्यातून ऐकावयास मिळे. पुणे-सातारकडील माणूस दौंडवरून मनमाडला गाडी बदली, वऱ्हाडातला भुसावळला. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्या आणि तिळाच्या चटणीची शिदोरी एवढे सामान. सोवळेवाल्यांचा उपवास पडू नये म्हणून पुष्कळजण जबलपुरास उतरून नर्मदास्नान करीत, स्वयंपाक करून जेवत आणि पुढची गाडी पकडीत. स्थानकाजवळची राजा गोकुळदास धर्मशाळा अशा उतारूंच्या मोठ्या उपयोगी पडली. उतरलेल्यांपैकी काहींना इथे आपली भाषा बोलणारा कोणी भेटे, कोणी नोकरीची वार्ता सांगे, आणि क्वचित परतीच्या प्रवासात एखादा तरुण मागे राही.

१९०४ मध्ये तोफगाड्यांचा सरकारी कारखाना इथे निघाला आणि नोकरीच्या वार्तेला ठोस आधार आला. पुढे दारूगोळ्याचे आणि लष्करी वाहनांचे कारखाने झाले. कारखान्यांचे शहर आणि रेल्वेचे शहर हे जबलपूरचे रूप एकाच वेळी आकारास आले. रेल्वेतही इगतपुरी-भुसावळकडील गार्ड, ड्रायव्हर, फिटर मंडळी बदलीवर येत; १९५१ मध्ये मध्य रेल्वे स्थापन होऊन तिचे मुख्यालय मुंबईस राहिले तेव्हापासून तर जबलपूर विभागाचे वरिष्ठ कार्यालयच मुंबईत होते.

१९०५ साली या स्थानकाच्या परिवारात एक धाकटे भावंड आले. गोंदियाहून नैनपूरमार्गे निघालेली बंगाल नागपूर रेल्वेची अडीच फुटी छोटी गाडी सातपुडा चढून जबलपुरास पोहोचली. हाऊबाग हे तिचे जबलपुरातील स्थानक. जमतऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडून, सागवानाच्या रानांतून, शिवनी-मंडल्याच्या आदिवासी मुलखातून ती सावकाश जाई. तिच्या संथपणाच्या कथा अतिशयोक्तीने भरलेल्या असत. चालत्या गाडीतून उतरून बोरे तोडून पुन्हा चढल्याचे सांगणारे गृहस्थ प्रत्येक घरात एक तरी निघेल. परंतु नागपूर-भंडाऱ्याकडील मराठी कुटुंबांना माहेर-सासर जोडणारी तीच एक गाडी होती. मोठ्या मार्गाने नागपूर गाठावयाचे तर इटारसीचा वळसा घालून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास प्रवास. शिवनीच्या सडकेने तेच अंतर जवळजवळ निम्मे.

मार्च १९३९ मध्ये त्रिपुरी काँग्रेसच्या वेळी सुभाषचंद्र बोस तापाने फणफणलेले असताना रेल्वेने जबलपुरास आले आणि स्थानकावरून त्यांस रुग्णवाहिकेतून अधिवेशनस्थळी न्यावे लागले. बावन्न हत्तींच्या अध्यक्षीय मिरवणुकीत त्यांच्याऐवजी त्यांचे चित्र होते. त्या दिवसांत देशाच्या चारी दिशांकडून आलेली माणसे या फलाटांवर उतरली.

मराठी समाजाच्या दृष्टीने मात्र १९३९ पेक्षा १९५६ हे वर्ष अधिक निर्णायक ठरले. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचे राजधानीपण संपले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली. जबलपूरला राजधानी मिळावी अशी इथल्या लोकांची फार इच्छा होती. पदरात पडले ते उच्च न्यायालय. न्यायमूर्ती हिदायतुल्ला नागपूरहून इथे पहिले मुख्य न्यायाधीश म्हणून आले. त्यांच्यामागे वकील आले, कारकून आले, लघुलेखक आले, आणि त्यांत मराठी घरे पुष्कळ होती. नागपूरचे वाडे, शाळा आणि भावकी सोडून आलेल्या या मंडळींना वाटे की आपण एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात नव्हे, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आलो. त्या वेळी दिवाळी-उन्हाळ्यात नागपूरकडे जाणारी हाऊबागची छोटी गाडी आणि इटारसीला मध्यरात्री करावी लागणारी गाडीची बदली यांचे महत्त्व किती होते, हे त्या पिढीलाच ठाऊक. इथल्या मराठी संस्थांपैकी अनेकींच्या मुळाशी तेच एकाकीपण होते असे मानण्यास जागा आहे.

१ एप्रिल २००३ पासून पश्चिम मध्य रेल्वे हा स्वतंत्र विभाग सुरू झाला आणि त्याचे मुख्यालय जबलपुरास आले; जबलपूर, भोपाळ आणि कोटा ही तीन मंडळे त्याच्या अधिकारात आहेत. १९५६ च्या निराशेची काही अंशी भरपाई झाली. मुंबईशी असलेले प्रशासकीय नाते मात्र त्या दिवशी संपले. बदलीवर येणारी मराठी कुटुंबे हळूहळू कमी झाली. सहा फलाटांच्या आजच्या स्थानकात मुंबईसाठी गरीबरथ, वाराणसीची महानगरी, पुण्याकडील गाड्या अशी सोय आहे. इटारसी-मानिकपूर मार्गाचे विद्युतीकरण २०२० च्या सुमारास पुरे झाले आणि जून २०२३ मध्ये भोपाळच्या राणी कमलापती स्थानकाशी जोडणारी वंदे भारत गाडीही सुरू झाली.

हाऊबागची छोटी गाडी २०१५ च्या सप्टेंबरअखेर बंद झाली. गाडीचे शेवटचे दर्शन घ्यावयास अनेक वृद्ध मंडळी आवर्जून गेली होती. नॅरोगेजच्या जागी मोठे रूळ घालण्यास पाच-सहा वर्षे लागली, कारण नैनपूर-बालाघाट दरम्यानचा प्रदेश रानाचा आणि डोंगराळ. अखेर २०२१ च्या आरंभापासून जबलपूर-गोंदिया हा मार्ग मोठ्या गाड्यांसाठी चालू झाला. १८६७ मध्ये डाकगाडीने भरून काढलेली नागपूर-जबलपूरमधील ती फट अशा रीतीने दीडशे वर्षांनी रुळांनी भरली. तीही सरळ शिवनीवरून नव्हे, गोंदियावरून, काहीशा वळशानेच.

परंतु नागपूरचा मार्ग जवळ झाला तेव्हा नागपूरला जाणारी माणसे घरांत उरली किती, हा प्रश्न आता विचारावा लागतो. तरुण मंडळी पुणे-मुंबईस नोकरीला. सुटीत ती येतात ती गरीबरथाने किंवा विमानाने. मंडळाच्या वार्षिकोत्सवासाठी पुण्या-मुंबईचे व्याख्याते आणि नाटकमंडळ्या येत, त्यांना उतरवून घ्यावयास कार्यकर्ते पहाटेच्या थंडीत फलाटावर उभे असत. ती कामे करणारे हात आता थकले आहेत. मात्र पुण्याकडची गाडी लागली की तिच्या दाराशी निरोप देणाऱ्यांत अजूनही मराठी बोल ऐकू येतात: पाणी घेतलेस का, पोचल्यावर कळव, मनमाडला उतरू नको, आता गाडी थेट जाते.